पावसाच्या पाण्याच्या टाकीला दर वर्षी वास का येतो, आणि टाकी धुऊन तो का जात नाही

मंडळी, पाऊस सुरू होऊन महिना झाला की एकच तक्रार चहूबाजूंनी ऐकू येते. बागेसाठी छपराचं पाणी धरायला टाकी बसवली, मृगातच काठोकाठ भरली, घरात सगळे खूश, आणि चवथ (गणेशचतुर्थी) यायच्या आधीच नळ सोडला की नाक धरायची पाळी. मग टाकी रिकामी करा, कोणीतरी आत वाकून घासा, ब्लीचिंग पावडर टाका, पंधरा दिवस बरे जातात आणि परत तेच. पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी माणूस कंटाळतो आणि टाकीत शेणखत भरून ठेवतो.

गोव्यात फोंड्याच्या बाजूला, डिचोलीत, पेडण्यात, जिथे जिथे अशा टाक्या बघितल्या तिथे मला एकच गोष्ट दिसली. वास बहुतेक वेळा टाकीत तयार होतच नाही. तो तयार होतो वर पन्हळीत आणि टाकीच्या आधीच्या पाइपात, टाकीत नुसता येऊन पडतो. त्यामुळे टाकी कितीही घासली तरी कारखाना वर चालूच असतो.

आता हे खरं की नाही ते तुमच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. पाऊस चालू असताना तीन बाटल्या घ्या. एक थेट कौलांच्या पागोळीतून भरा, दुसरी पाइप टाकीत पडतो तिथे, आणि तिसरी टाकीच्या नळातून. झाकणं लावून दोन दिवस सावलीत ठेवा आणि मग उघडून वास घ्या. पागोळीचं पाणी ठीक आणि दुसऱ्या बाटलीलाच वास असेल तर दोष पन्हळीत किंवा फर्स्ट फ्लशच्या (पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायच्या) पाइपात आहे. पहिल्या दोन चांगल्या आणि फक्त तिसरीला वास, तरच टाकीच्या तळाचा गाळ धरायचा. आणि पहिलीच घाण असेल तर छप्पर, म्हणजे वर झाड वाकलंय, शेवाळ जाड झालंय किंवा कौलांखाली वटवाघळं नाहीतर उंदीर आहेत. बहुतेक घरात दुसरी बाटली पकडली जाते.

आधी रंगाचं सांगतो, कारण रंग बघूनच लोक घाबरतात आणि नको ती धुलाई सुरू करतात. आंबा, काजू, फणस यांची पानं छपरावर पडत असतील तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, तो पानांचा कस आहे, बागेला काही त्रास नाही. लालसर पाणी असेल तर ती माती. आपल्याकडे तांबडी धूळ काही कमी नाही, आणि डिचोली, सांगे, केपे इकडे खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जायचे त्या रस्त्याला लागून घर असेल तर मेअखेर कौलांवर तांबडा थरच असतो. ही माती एक-दोन दिवसात खाली बसते, वर स्वच्छ पाणी राहतं. हिरवं पाणी म्हणजे टाकीत उजेड शिरतोय, पांढऱ्या किंवा निळ्या ड्रमला बाहेरून काळा रंग मारला की काम झालं. ह्या तिन्हीत वास नसतो. काळपट पाणी आणि सडक्या अंड्याचा वास, ही जोडी आली तरच खरा प्रॉब्लेम, कारण तो वास पाला हवेशिवाय पाण्यात बुडून कुजतो तेव्हाच येतो. म्हणजे कुठेतरी पाला पाण्याखाली अडकून पडलाय. तो कुठे ते शोधायचं, बस.

पहिली जागा पन्हळ. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने शिडी लावा आणि बघा, पन्हळीत पाणी उरलंय का. उरलं असेल तर तिथे ती झोपलीय. पन्हळीला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार लागतो, म्हणजे दहा मीटरच्या पन्हळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० सेंटिमीटरचा फरक. लोक छान दिसावी म्हणून ती एकदम सरळ रेषेत मारतात आणि मग क्लॅम्प दीड-दीड मीटरवर. पीव्हीसी पन्हळ पहिल्याच पावसाळ्यात मधे झोळ धरते, त्या झोळात माडाची फुलं, कौलावरचं शेवाळ, पाखरांची घाण साचून त्याचा चिखल होतो आणि प्रत्येक सर त्यातलं थोडं थोडं खाली टाकीत पाठवते. क्लॅम्प साठ सेंटिमीटरवर मारा, आणि उतार डोळ्याने नको, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब लावून बघा. किनाऱ्याच्या बाजूला, मोरजी म्हणा कोलवा म्हणा, तिथे साधे लोखंडी हूक खाऱ्या हवेने दोन-तीन पावसात खाऊन जातात आणि पन्हळ पुन्हा वाकते, तिथे पीव्हीसीचेच नाहीतर स्टेनलेसचे क्लॅम्प घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

पन्हळीवर आडवी जाळी टाकायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. आपल्याकडे ती चालत नाही. माडाच्या पोयीतून बारीक फुलं वर्षभर गळत असतात, ती ओली होऊन जाळीला अशी चिकटतात की वर एक अखंड थर बसतो आणि पाणी पन्हळीत न जाता वरून उडी मारून अंगणात. मग माणूस म्हणतो पन्हळ लहान पडली. त्यापेक्षा पन्हळीला काही नको, पाणी खाली उतरवणाऱ्या उभ्या पाइपाच्या, म्हणजे डाऊनटेकच्या तोंडाशी तिरकी जाळी द्या, ४५ अंशात. पाला स्वतःच घसरून बाहेर पडतो, पाणी आत जातं. जाळी स्टेनलेसची घ्या, प्लास्टिकची मच्छरजाळी उन्हाने एका उन्हाळ्यात कडक होऊन फाटते.

आता दुसरी जागा, आणि माझ्या मते खरी गुन्हेगार हीच. फर्स्ट फ्लश. नवीन माणसांसाठी सांगतो, पहिल्या सरीचं घाण पाणी टाकीत न जाता बाजूला पडावं म्हणून डाऊनटेकला टी (तीन तोंडांचा जोड) मारून खाली बंद तोंडाचा एक पाइप सोडतात, तो भरला की पुढचं पाणी टाकीकडे वळतं. आयडिया छान आहे पण ज्या मापाने ती बसवतात ते माप बघितलं की हसू येतं. सगळीकडे ११० मिलिमीटरचा पाइप, एक मीटर लांब. हिशोब करा. ११० च्या पाइपात मीटरला साधारण साडेआठ लिटर पाणी मावतं. छपराचा जो भाग टाकीला जोडलाय तो ५० चौरस मीटर धरला, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० लिटर. छप्पर धुऊन निघायला निदान एक मिलिमीटर तरी सोडून द्यावा लागतो, वर झाडं असतील तर दोन. म्हणजे पाहिजेत ५० ते १०० लिटर आणि तुम्ही ठेवलेत साडेआठ. जुलैत तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळते तेव्हा ह्या छपरावरून मिनिटाला ८० लिटरच्या वर पाणी उतरतं, तुमचा फर्स्ट फ्लश सहा सेकंदात भरतो. त्यानंतरची सगळी घाण टाकीत. (छपराचं क्षेत्रफळ मोजताना कौलांचा तिरका उतार मोजू नका, छपराखाली जमीन किती झाकली जाते ते मोजायचं.)

उपाय महाग नाही. १६० चा पाइप घ्या, त्यात मीटरला १७-१८ लिटर मावतात, तीन मीटर लागले की ५० लिटर झाले. भिंतीला तेवढी उंची मिळत नाही कारण टी टाकीच्या तोंडापेक्षा वर पाहिजे आणि खाली जमीन येते, तर दीड मीटर उभा घ्या आणि मग एल्बो (वळणाचा जोड) मारून जोत्याच्या कडेने आडवा न्या, शेवटच्या टोकाकडे थोडा उतार देऊन. उतार उलटा झाला तर टोकाला हवा अडकते आणि पाइप अर्धाच भरतो, हे लक्षात ठेवा. काही जण दोनशे लिटरचा झाकणवाला ड्रम जोडतात, पण तो भरल्यावर वरच्या पाइपातल्या पाण्याचा दाब झाकणावर येतो आणि रिंग कितीही आवळा, गळतोच. पाइपच बरा.

आणि खरी मेख पुढे आहे. हा पाइप दोन पावसांच्या मधे रिकामा व्हायला पाहिजे. टोकाच्या कॅपला बारीक भोक पाडून ठेवतात, तीन-चार मिलिमीटरचं, त्यातून पाणी थेंब थेंब जात राहतं. ते भोक एका आठवड्यात चोंदतं. चोंदलं की पाइप कायमचा भरलेला. मग पुढच्या सरीला घाण पाणी बाजूला पडायला जागाच नाही, सगळं सरळ टाकीत, वरून पाइपात पडून कुजलेलं काळं पाणीसुद्धा ढवळून थोडं टाकीकडे निघतं. म्हणजे जी गोष्ट घाण अडवायला लावली तीच वासाची टाकी होऊन बसते. तुमची दुसरी बाटली जी काळी आली ना, ती इथली. ज्यांनी फर्स्ट फ्लश बसवलाच नाही त्यांचं पाणी कधी कधी बसवलेल्यांपेक्षा बरं असतं, ते ह्यामुळेच.

म्हणून भोक नको. टोकाला आट्यांची, हाताने उघडता येईल अशी एंड कॅप लावा आणि तिच्यात अर्ध्या इंचाचा साधा नळ. नळ बारीक सुटा ठेवायचा, रात्रभरात पाइप रिकामा होईल इतपत, आणि ते पाणी जास्वंदीच्या नाहीतर केळीच्या आळ्यात सोडून द्यायचं. नळाच्या आतल्या बाजूला जाळीचा तुकडा गुंडाळून बसवला तर चोंदत नाही. आठवड्यातून एकदा कॅप उघडायची, आतून जो काळा लगदा पडतो तो बघितला की हा सगळा टाकीत गेला असता हे आपोआप पटतं. सलग पाऊस लागला की नळ सुटा असूनही पाइप भरलेलाच राहणार, ते ठीक आहे, तेव्हा छप्पर धुतलेलंच असतं. मधे चार दिवस ऊन पडलं आणि मग सर आली, तेव्हा तो रिकामा असणं महत्त्वाचं.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाबद्दल विचाराल तर माझं मत सरळ आहे, ते पाणी टाकीत घेऊच नका. सहा-सात महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, वाळलेलं शेवाळ, सगळं त्या सरींबरोबर येतं. डाऊनटेकचा पाइप टाकीतून काढून अंगणात सोडा. लोकांचा जीव होत नाही, पाण्यासाठी जीव टांगणीला लागलेला असतो आणि डोळ्यांसमोर वाहून जातंय, पण ५० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की पाचवा भाग वाया धरूनही हजार लिटरची टाकी भरतेच. आणि वर्षाला पणजीत सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, घाटाकडे सत्तरीत त्याहून जास्त. इतका पाऊस पडतो त्या जागी पहिल्या सरीसाठी भांडू नये.

आता तिसऱ्या बाटलीवाले, म्हणजे ज्यांच्या वरच्या दोन्ही जागा साफ आहेत तरी वास आहे. तुमच्याकडे पाणी टाकीत वरून धो धो पडतं आणि तळाचा गाळ दर सरीला ढवळतो. आत येणारा पाइप तळापर्यंत न्या आणि शेवटी दोन एल्बो जोडून तोंड वर करा, पाणी शांतपणे वर येतं, गाळ जागेवर बसून राहतो. बागेचा नळ तळाला लागून असेल तर तो गाळच ओढणार, तो तळापासून १०-१५ सेंटिमीटर वर घ्या आणि अगदी तळाला वेगळा एक मोठा वॉशआऊट ठेवा, निदान सव्वा इंची, गाळ सोडायला. ब्लीचिंग टाकून उपयोग होत नाही कारण क्लोरीन गाळातल्या कुजक्या पाल्यावरच खर्च होऊन जातं, गाळ तिथेच राहतो, आठ दिवसांनी वास परत. फिनाईल तर टाकूच नका, झाडांना द्यायचंय ते पाणी. रॉकेलही नको, डासांसाठी म्हणून काही जण टाकतात.

डासांचं वेगळं सांगायला हवं. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला घालतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून उन्हात ठेवली तरी पुढच्या जूनला अळ्या हजर. भिंती ब्रशने घासाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकणाला, आत येणाऱ्या पाइपाच्या फटीला, ओव्हरफ्लोला आणि हवेच्या भोकाला, सगळीकडे एक मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी पाहिजे. ओव्हरफ्लो सगळे विसरतात आणि बेडूक, उंदीर नि डास तिघेही तिथूनच येतात. गप्पी मासे उघड्या विहिरीत उत्तम, अंधाऱ्या बंद टाकीत ते नीट जगत नाहीत आणि मेले की तोही वासच.

ओव्हरफ्लोवरून आठवलं, भिंतीला ओल धरते ही दुसरी कायमची तक्रार, आणि तिचं मूळ पण इथेच. आत येणारा पाइप चार इंची आणि ओव्हरफ्लो एक इंची, तो पण टाकीबरोबर आला तसाच. मिनिटाला ८० लिटर आत आणि बाहेर जायला एवढीशी वाट, मग पाणी झाकणातून उसळतं, पन्हळीतून मागे वाहतं आणि जोत्याशी साचतं. आपले जांभ्याचे चिरे पाणी पितात, भिंत ऑगस्टपर्यंत हातभर ओली. ओव्हरफ्लो जेवढा आत येणारा पाइप तेवढाच ठेवायचा आणि भिंतीपासून निदान तीन मीटर लांब न्यायचा. तिथे एक मीटर लांब-रुंद, दीड मीटर खोल खड्डा, खाली मोठे दगड, मधे खडी, वर जाड वाळू, आणि संडासाच्या सोकपिटपासून (शोषखड्ड्यापासून) लांब. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी पटकन मुरतं आणि खालच्या विहिरीला मार्चनंतर थोडा फरक पडू शकतो. पण घर खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेला असेल तर जुलैत जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं असतं, खड्डा भरूनच राहणार, तिथे खड्ड्याचा खर्च करू नका, पाणी सरळ व्हाळाला (ओढ्याला) जाऊ दे. विहिरीत थेट सोडायचं असेल तर फिल्टरशिवाय अजिबात नाही, आणि ज्या विहिरीचं पाणी कोणी पितं तिथे तर विचार करूनच.

टाकीखालच्या चिऱ्यांच्या ओट्याकडे पण एकदा बघून घ्या. हजार लिटर म्हणजे एक टन. भराव टाकलेल्या मऊ मातीवर ओटा बांधला तर पावसात एका बाजूने खचतो, टाकी कलते, पाइपाचे जोड सुटतात, आणि माणूस दर वर्षी सोल्युशन नि एमसील लावत बसतो. खाली कठीण जमीन लागेपर्यंत खणून मगच चिरे लावा. आणि नळाला जोर नाही म्हणून टाकी बदलू नका, एक मीटर उंचीला ०.१ बार दाब मिळतो, दोन फुटांच्या ओट्यावरून फवारा कधीच मिळणार नाही. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची पाइप टाका, पाणी भरपूर येतं, वेलांना आणि माडांच्या आळ्यांना तेवढं पुरे.

राहिली टाकी धुवायची वेळ. सगळे मेमध्ये धुतात, पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवण करायच्या) धावपळीत. एकदा तेव्हा धुवा हरकत नाही, पण खरी धुलाई सप्टेंबरच्या मध्यावर करा, चवथ आटोपली, पाऊस हलका झाला की. पूर्ण रिकामी, भिंती ब्रशने, तळाचा गाळ केळींना. तोपर्यंत छप्पर तीन महिने धुतलेलं असतं, झाडांची पानगळ सुरू व्हायची असते, म्हणजे वर्षातलं सगळ्यात स्वच्छ पाणी ह्याच दिवसांत कौलांवरून उतरतं. तेव्हा उत्तरा नक्षत्र चालू असतं, पुढे हस्त असतो, २५ मिलिमीटरच्या एका पावसात टाकी पुन्हा भरते, त्यामुळे रिकामी केली म्हणून रडायची गरज नाही. हस्ताचा पाऊस धरलेली टाकी झाकण घट्ट असेल तर डिसेंबरातसुद्धा वास देत नाही. मिरची, वांगी, अबोली यांना रोज ४० लिटर दिलं तर हजार लिटर २५ दिवस जातात, त्यापेक्षा जास्त पाहिजे असेल तर टाक्या वाढवा. मेपर्यंत पुरेल म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला त्याच्या बागेत कुंड्या किती ते विचारा.

पाणी बदलूनही वास येत असेल तर तीन बाटल्यांचा निकाल, छपराचा प्रकार, वर कुठलं झाड आहे आणि फर्स्ट फ्लशच्या पाइपाची लांबी, एवढं लिहा. लांबी टेपने मोजून लिहा, अंदाजे नको.